जुन्या कंपायलरची चार कार्डं

“बाई, यादी कुठं हाय?” भोसले दारातूनच म्हणाले. मी त्यांच्यापुढे एररचे कागद धरले. यादी निघालीच नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. भोसले सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती यादी आमच्या मशीनवर निघायची. लागणीची तारीख, उसाची जात आणि गाव घातलं की पाळी मशीन ठरवायचं.

“आवं, तोडणीच्या टोळ्या येऊन बसल्यात. परवा गाळप सुरू,” भोसले म्हणाले. “हातानं यादी केली की लोक म्हनत्यात, ह्यानं भावकीचा ऊस आधी घातला. मशीन न्हवतं तवा माझी गचांडी धरली हुती.”

घोळ माझाच होता. दसऱ्याच्या आधी हौसेनं मी नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालून घेतली होती. मशीनचा सगळा कारभार बघणारा हा मूळ प्रोग्राम. तिच्याबरोबर फोरट्रान भाषेचा नवा कंपायलर आला. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. हा नवा साहेब भलताच सोवळा निघाला. आमच्या जुन्या प्रोग्रामच्या ओळीओळीला त्याने नाक मुरडलं. प्रोग्राम लिहिणारे प्राध्यापक परदेशी गेलेले. दुरुस्तीत महिना गेला असता.

मुंबईला ट्रंक कॉल लावला. मशीन कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, “जुनं व्हर्जन परत लोड करा. नव्या सिस्टिमवर चालेल. कार्डं आहेत ना?”

“तुम्ही पाठवाल का?”

“आठ दिवस लागतील.”

तो कंपायलर म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कार्डांचे दोन ट्रे. ते रद्दीत द्या, असं मीच लेखी सांगितलं होतं. सांगितलं होतं जाधवांना. जाधव आमचे ऑपरेटर, औंधचे, लष्करात सिग्नलमध्ये नोकरी करून आलेले.

“जाधव, ती कार्डं गेली ना?”

जाधव ताठ उभे राहिले. “न्हाई मॅडम. खंडेनवमीला पूजेत मांडली हुती. पूजा केल्यालं हत्यार रद्दीत कसं घालायचं?”

त्यांच्या पाया पडावं असं वाटलं. पण ट्रे उघडला आणि नवाच घोळ दिसला. वरच्या चार कार्डांवर हळदकुंकवाची बोटं होती. नारळाचं पाणीही सांडलेलं. कार्डं फुगली होती. कार्डं वाचणाऱ्या यंत्रात, रीडरमध्ये, पहिलंच कार्ड अडकलं.

मग चारही कार्डं नव्याने पंच करायला घेतली. जाधव खिडकीशी कार्ड उजेडात धरून एकेका उभ्या रांगेतली भोकं सांगत. मी पंचिंग मशीनवर तशी पाडत होते. अशा रांगा एका कार्डात ऐंशी. भोसले स्टुलावर बसून होते.

“जरा सावकाश सांगा की राव, बाई चुकतील,” ते मधेच म्हणाले.

“मॅडम चुकत न्हाईत. तुमी बोलू नका,” जाधव म्हणाले.

मॅडम बऱ्याचदा चुकल्या. प्रत्येक कार्डात त्याच्याच भोकांची बेरीज नोंदलेली असते. एक भोक चुकलं तरी मशीन कार्ड नाकारतं. पहिली दोन रीडरमधून नीट गेली. तिसरं परत आलं. पुन्हा केलं, पुन्हा परत. मी अगदी रडकुंडीला आले.

जाधवांनी मूळ कार्डावरून बोट फिरवलं. “मॅडम, टाचणी द्या.”

एका भोकात कुंकवात माखलेला अक्षतेचा दाणा घट्ट बसला होता. उजेड आत येत नव्हता, म्हणून ते भोक आम्ही धरलंच नव्हतं.

तिसरं गेलं, चौथंही गेलं. मागोमाग दोन्ही ट्रेमधली कार्डं खडखडत आत गेली. तासाभरात प्रिंटर सुरू झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. भोसल्यांनी यादीत आधी स्वतःच्या भावाचं नाव शोधलं. ते शेवटून तिसऱ्या पानावर होतं.

“लय झ्याक!” ते म्हणाले. भावाचा ऊस मागे गेल्यावर इतका खूष झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी प्रिन्सिपॉलांना मी सगळं खरं सांगितलं.

“म्हणजे तुमची ऑर्डर पाळली नाही, म्हणून कॉलेजची अब्रू राहिली?”

“हो सर.”

दुसऱ्या दिवशी मी नवी ऑर्डर काढली: नवं व्हर्जन एक पूर्ण हंगाम चालल्याशिवाय जुनं टाकायचं नाही. जाधवांनी ती दोनदा वाचली, पोच म्हणून सही केली आणि म्हणाले, “ही पाळतो, मॅडम.”