धक्क्यापर्यंत पोचणारं नाव

गाणी तयार आहेत, पण नाव ठरलेलं नाही, अशा माणसाला गायक म्हणायचं की नाही?

हे मी बाबांना विचारलं, दादाच्या दोस्ताला, सॅव्हियोला विचारलं, चर्चमध्ये फादरना विचारलं. दादा होता तेव्हा हा प्रश्न गमतीचा होता. तीन महिन्यांपूर्वी त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. त्याची पाच गाणी सॅव्हियोच्या लॅपटॉपमध्ये तशीच पडून राहिली. आता पाचूबंदरच्या धक्क्यावर बसलो की दादाचे किस्से जाळ्यात प्लास्टिक यावं तसे येतात. नको म्हटलं तरी येतात!

*

दादाचं खरं नाव डॉमनिक. पण आमच्या एका गल्लीत चार डॉमनिक!

"पोस्टरवर डॉमनिक छापलं," दादा म्हणायचा, "तर चौघांच्या आया पहिल्या रांगेत येऊन बसतील!"

म्हणून स्टेजसाठी वेगळं नाव हवं होतं.

*

सॅव्हियो नंदाखाल गावचा, दादाचा गिटारवाला. त्यांच्या केळीच्या वाडीत पंपाची खोली आहे, तोच यांचा स्टुडिओ. दादा तयार बीट कधी घ्यायचा नाही. म्हणायचा, "नवं म्युझिक बाहेरून आणावं लागत नाही रे. रोज कानावर आदळतं ते एकदा नीट ऐकायचं, बस!"

पहिलं गाणं त्याने बाबांना ऐकवलं. बाबांनी तोंड वाकडं केलं. "ह्यो काय खडखडाट?"

"आपल्याच बोटीचं इंजिन आहे, बाबा. मोबाईलवर रेकॉर्ड केलं."

बाबांनी गाणं परत लावायला सांगितलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. दादा खूश!

"नोझल साफ करायला झालाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून बघितलं, तर नोझल खरंच चोंदलेला!

*

एव्हरशाईन सिटीत एका सोसायटीचा कार्यक्रम होता. निवेदिका धावत आली. "नाव काय सांगू?" दादा विचार करत बसला. एक मिनिट, दोन मिनिटं. मला धीर कुठला!

"पापलेट!" मी बोलून गेलो.

"आणि आता तुमच्यासमोर येतोय... पापलेट!"

दादाने मान खाली घालून गाणं म्हटलं. लोकांना इतकं आवडलं की सगळे ओरडायला लागले, "पापलेट, वन्स मोर!"

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "निदान सुरमई तरी बोलायचास!"

*

नावांची यादी वाढतच गेली. एकदा बाबा वैतागले. "नाव म्हंजे कसा पायजे? बोटीवरनं हाक मारली तर धक्क्यावर पोचला पायजे. बाकी सगला फुकट!"

बाबांनी टोमणा मारला होता. दादाने तो नियमच करून टाकला!

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी होडी घेऊन पार लांब जायचो. दादा धक्क्यावर दिव्याच्या खांबाखाली उभा राहायचा. ऐकू आलं तर त्याने हात वर करायचा.

"दादाऽऽ! मिडनाइट अँकर!"

हात वर! मी आनंदाने होडी वळवली. "पोचलं ना?"

"दादा पोचलं. पुढचं वाऱ्याने खाल्लं."

सात रविवार, सात नावं, प्रत्येक वेळी हेच. बोंबील वाळत घालणारी मेरीमावशी शेवटी कंटाळली. "अरे, जेवायला बोलावतोस का त्याला? मग घरात जाऊन बोलाव ना!"

*

गेल्या रविवारी मी सॅव्हियोला होडीत बसवलं. फोनवर गाणी ऑनलाइन टाकायचा फॉर्म उघडलेला होता. पाचही गाणी चढवलेली, फक्त कलाकाराच्या नावाची चौकट रिकामी. खिशात दादाची यादी. सॅव्हियो वाडीतला माणूस, पहिल्या लाटेलाच कच्च्या केळ्यासारखा हिरवा झाला.

"लवकर ओरड रे बाबा," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. खांबाखाली बाबा उभे होते. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

यादी काढली. पहिलं नाव वाचायला तोंड उघडलं आणि ओरडलो.

"दादाऽऽऽ!"

पुढचं काही आलंच नाही.

धक्क्यावर बाबांनी हात वर केला. तो बराच वेळ खाली घेतला नाही.

मी चौकटीत तेच, पोचलेलं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.