मालकिणीनं घरातच राहायचं

"नियम म्हणजे नियम," असं म्हणताना त्या उजव्या हाताचं बोट थेट छताकडे दाखवायच्या. तुमच्याही गल्लीत अशा एखाद्या काकू असतील. आमच्या काकू गंगापूर रोडला, माझ्या शेजारच्या बंगल्यात एकट्या राहायच्या आणि वरच्या दोन खोल्या पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी द्यायच्या. त्याचा परवानाही त्यांनी रीतसर काढला होता. अर्ज मीच भरला, कारण मी निवृत्त सरकारी कारकून.

परवान्यात नसलेले नियमही काकू सरकारच्या नावावर खपवत. द्राक्षबागा बघायला आलेल्या मुंबईच्या एका जोडप्याला त्यांनी सकाळी सातला उठवून नागलीची भाकरी खायला लावली. सरकारची अटच आहे म्हणाल्या. बिचाऱ्यांनी निमूट खाल्ली, वर आणखी एक मागितली. चपला उंबऱ्याबाहेर, आंघोळीला एकच बादली, वाईनची बाटली आणलीच तर काकूंच्या कपाटात कुलूपबंद. सगळ्याला सरकार जबाबदार.

मुलगा पुण्याला. आईनं एकटं राहू नये म्हणून दर दिवाळीत न्यायला यायचा. काकू अटींची झेरॉक्स त्याच्यापुढे धरत. अट पाचवी: मालकानं त्याच घरात राहिलं पाहिजे. "आले असते रे, पण नियम म्हणजे नियम." तो हात हलवत परत जायचा.

ती झेरॉक्स मी एकदा नीट पाहिली. मूळ अट पुढच्या ओळीत जात होती: किंवा मालकानं केअरटेकर नेमावा. तेवढ्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवून काकूंनी प्रत काढली होती. मी विचारलं, तर माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या, "भाऊ, तिकडं सगळे सकाळी जातात ते रात्री येतात. इथं रोज कुणीतरी बेल वाजवतं." मला फार वाईट वाटलं. चहा पिऊन मी घरी आलो.

पुढं त्या न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हा मुलाचा मलाच फोन. असा नियम खरंच आहे का, म्हणून विचारत होता. आख्ख्या नोकरीत मी एक खोटी नोंद केली नव्हती. म्हटलं, "आहे. फार कडक आहे."

गेल्या माघात काकू गेल्या. आपल्याच घरात, वर पाहुणे असताना. तेराव्यानंतर कपाट आवरताना मुलाला मूळ कागद सापडला. पाचवी अट त्यानं शेवटपर्यंत वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून म्हटलं, चुकलो.

"राहू द्या काका," तो म्हणाला. "मी पहिल्याच वर्षी नेटवर वाचली होती."