न्यायी आणि न्हाई

मास्तरांच्या तोंडात चारच दात उरले होते, तरी त्यांचा ‘श’ कधी ‘स’ झाला नाही. हट्टा गावच्या नाटक मंडळीत ते तालीम घेत आणि खेळाच्या वेळी विंगेत उभे राहून नटांना विसरलेले शब्द पुरवत. तीस वर्षांत त्यांनी एकही शब्द चुकीचा दिला नव्हता. त्यांना अभिमान होता तो एवढाच.

मी गावातल्या खाजगी शाळेत शिकवत होतो. वयाने त्यांच्या निम्म्याहून कमी, तरी ते मला ‘गुरुजी’च म्हणत. त्यात थट्टाही असे. तालीम संपली की आम्ही पारावर बसायचो. बोलणं नाटकाचं असे. कुणी अनोळखी माणूस जवळ आला की मास्तर वाक्य अर्ध्यावर तोडत आणि ज्वारी कशी पोटरीला आली ते सांगू लागत. माणूस गेला की तेच वाक्य पुढे चालू. निजामाच्या राज्यातले ते दिवसच तसे होते. संध्याकाळनंतर गावात दारं बंद होत. कोण कुणाला काय सांगेल याचा भरवसा नव्हता.

“तुम्हाला भीती वाटते का, मास्तर?” मी एकदा विचारलं.

“वाटते की! म्हणून तर विंगेत उभा राहतो. धीट असतो तर राजाचं काम केलं असतं.”

त्या वर्षी नाटकाला परवानगी मिळाली ती तीन अटींवर. खेळ दिवस मावळायच्या आत संपवायचा. मंजूर प्रतीबाहेरचा शब्द बोलायचा नाही. आणि शेवटी शेतकऱ्याच्या तोंडी राजाची स्तुती घालायची. ते वाक्य पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या मुन्शीनेच लिहून दिलं : ‘हा आमचा राजा न्यायी.’ परवाना मास्तरांच्या नावावर होता. शेतकरी मी होतो.

पहिल्याच तालमीत मास्तरांनी मला थांबवलं.

“काय म्हटलं?”

“हा आमचा राजा न्याई.”

“पुन्हा म्हणा. भराभर म्हणा.”

मी भराभर म्हटलं. मास्तरांचा चेहरा उतरला. आमच्याकडे ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणतात. घाईत माझा ‘न्याई’ तिकडेच घसरत होता.

“काहून असं करून राहिले, गुरुजी? लेकरांना काय शिकवता मग? ‘य’ म्हणा, ‘य’! दोघंबी जेलात जाऊ न्हाईतर.”

वाक्य बदलून घेता येईल का, असं मी विचारलं. प्रत्येक पानावर शिक्का होता. बदल मागायचा म्हणजे कारण सांगणं आलं, आणि हे कारण अमीनसाहेबांपुढे कोण सांगणार? पंधरा दिवस मास्तरांनी माझ्याकडून तो एक शब्द घोटून घेतला. वाटेत भेटले तरी ‘राम राम’च्या आधी विचारत, “हं, राजा कसा?”

खेळाच्या दिवशी अमीनसाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. शेजारी मुन्शी. त्याचं बोट उर्दू लिपीतल्या मंजूर प्रतीच्या ओळींवरून उजवीकडून डावीकडे सरकत होतं. माझं लक्ष त्या बोटावर खिळलं. ते शेवटच्या ओळीवर आलं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. विंगेतून मास्तरांचा आवाज आला, स्वच्छ : “न्यायी.”

मी म्हणालो, “हा आमचा राजा न्हाई.”

मागून एक म्हातारा मनापासून म्हणाला, “व्हय, व्हय!”

अमीनसाहेब उठले. “ये क्या बोला?”

मी उत्तर देण्याआधी मास्तर विंगेतून बाहेर आले. “हुजूर, कसूर माझा. मीच ‘न्हाई’ म्हणून सांगितलं. गुरुजींनी ऐकलं तसं म्हटलं. दात न्हाईत, हुजूर.” त्यांनी तोंड उघडून दाखवलं. लोक हसले. अमीनसाहेब हसले नाहीत. मी तोंड उघडलं नाही.

मास्तरांना वसमतला नेलं. अकरा दिवसांनी सोडलं तेव्हा ते हट्ट्याला न येता पुसेगावला बहिणीकडे गेले. पुढच्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. रस्ते सुरू झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

“मास्तर, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. आता लोकांना सांगू द्या.”

“हळू बोला. दात नव्हते म्हणून चुकलो मी.”

“आता कोण विचारणार आहे?”

“ते परत येणार न्हाईत, हे तुमाला कोणी सांगितलं? अंगठा देऊन जबानी दिली मी. ती बदलली की दोघंबी गेलो.” मास्तरांना सही येत होती. अंगठा का दिला, हे मी विचारलं नाही. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

डिसेंबरात ते वारले. हट्ट्याला मंडळी जमली. एकजण प्रेमाने म्हणाला, “एवढा मोठा माणूस, जन्मात एकदाच चुकला.” मी उठून उभा राहिलो. “मास्तर चुकले नव्हते,” एवढं म्हणालो, तोच शेजारच्याने धोतर धरून मला खाली ओढलं.

“बसा, गुरुजी. बाहेर कोण ऐकून राहिलं काय माहीत.”

राजवट जाऊन तीन महिने झाले होते. मी बसलो.