झेंडूचा हार आणि सत्त्याण्णव अंश

आधी माफी मागतो. मी लिहावं असं माझ्यापाशी काही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि घरात रोजचं लिखाण म्हणाल तर बाबांचं. ते शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात आणि दर तासाला दाब, तापमान, पाण्याची पातळी वहीत भरतात. तरीही एका रविवारची हकीकत सांगायचं धाडस करतो, कारण ती आठवली की मला अजून स्वस्थ बसवत नाही.

आमच्या कॉलेजातल्या एका सरांना खाडीच्या भरतीचा अभ्यास करायला मदतनीस विद्यार्थी हवा होता. चाचणी म्हणून त्यांनी भरतीच्या पाण्याचं एक मोठं गणित दिलं होतं. ते प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर चालवून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर पाठवायचं. गणिताला सलग सहा तास लागणार होते. दिवाळीच्या सुट्टीमुळे कॉलेजची लॅब बंद होती. माझ्याकडे होता तो खांदेश्वरच्या एका मुलाकडून घेतलेला जुना कॉम्प्युटर. मी तो ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत होतो. त्याचा मला फार अभिमान होता. आत हवा लागावी म्हणून कॅबिनेटचं एका बाजूचं झाकणही काढून ठेवलं होतं.

पण गुरुवारपासून गणित सुरू केलं की वीस मिनिटांत तापमान सत्त्याण्णव अंशांवर जायचं आणि कॉम्प्युटर धप्पकन बंद पडायचा. शुक्रवारी टेबलफॅन लावला, शनिवारी खिडकीत नेऊन ठेवला. पंचेचाळीस मिनिटं चालला, इतकंच.

रविवारी सकाळी बाबा चहा घेऊन माझ्या मागे उभे राहिले.

"किती चढतंय?"

"सत्त्याण्णव."

"आदी किती व्हता?"

"लक्षात नाही."

"लिवला नाय?" बाबांनी कप खाली ठेवला. "कॉलेजात जातोस ना रं तू? आदी किती व्हता ता म्हाईत नाय, तर चढला कसा म्हनतोस?"

मी ओशाळलो. मग आठवलं, गणपतीच्या सुमारास मित्राला फुशारकी मारायला मी स्क्रीनचा फोटो पाठवला होता. फोनमध्ये शोधला. पूर्ण ताकदीने चालताना चौऱ्याहत्तर!

"मंग मदी काय केलास?"

"काहीच नाही, बाबा. खरंच."

"काई नाय कसा?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "दसऱ्याला पूजा नाय केली? मीच हार घातला त्याला."

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येकाच्या कामाच्या वस्तूची पूजा होते. बाबांचे पाने, आईचं शिलाई मशीन आणि यंदा पहिल्यांदाच माझा कॉम्प्युटर. बाबांनी त्या दिवशी पान्यांना हात लावला नाही, आईने मशीन उघडलं नाही. मी मात्र संध्याकाळीच कॉम्प्युटर सुरू केला होता. सुकेपर्यंत हार उतरवायचा नाही असं आईने बजावल्यामुळे, पुढचे चार दिवस हार वर आणि आत पंखा गरगरत.

मी कॉम्प्युटर बंद करून वायर काढली, टॉर्च घेतला आणि प्रोसेसरवरचा पंखा हलकेच सोडवला. खाली थंडाव्यासाठी ज्या धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्या फटींत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या ठासून बसल्या होत्या. त्यावर उदबत्तीची राख आणि धुळीचा जाड थर. दोन अक्षताही निघाल्या!

"अगो बाय! माज्याच हातान जाला," आई म्हणाली.

"देवान परसाद ठेवला त्याच्या पोटात," बाबा हसत म्हणाले. "बॉयलरच्या नळ्या चोंदल्या का असाच व्हतंय. बरश आन."

मी मऊ ब्रशने एकेक फट मोकळी करत गेलो. बाबा टॉर्च धरून "त्या बाजूला हाय अजून" म्हणत राहिले. पंखा परत बसवला. साडेनऊ वाजले होते. घाईत वायर लावताना दोनदा चुकलो.

"आनि जरा हलू चालव त्याला," बाबा म्हणाले. "पल्ला लांबचा हाय."

माझ्या जिवावर आलं, पण मी वेग थोडा कमी केला आणि प्रोसेसरला जाणारा विजेचा दाबही थोडा उतरवला. सुरू केलं. साठ. सहासष्ट. एकोणसत्तर. एकाहत्तरवर आकडा थांबला आणि तिथेच राहिला! मी ओरडलोच. आईने देवाला हात जोडले, मग कॉम्प्युटरलाही.

बाबांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून रकाने आखले आणि दर अर्ध्या तासाला मला आकडा विचारून लिहू लागले. रविवारची त्यांची झोप गेली, पण एक रकाना चुकला नाही. एकाहत्तर, बहात्तर, एकाहत्तर. दुपारी आईने जेवायला हाक मारली, तर आम्ही ताटं स्क्रीनसमोरच आणली.

चार वाजून दहा मिनिटांनी गणित संपलं. उत्तर पाठवताना मी त्या पानाचा फोटोही जोडला आणि नोंदी बाबांनी ठेवल्या असं खाली लिहिलं. पाठवल्यावर वाटलं, उगाच केलं, सर हसतील.

पुढचे अकरा दिवस बाबा कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "आला का निरोप?" मी "नाही अजून" म्हणायचो. तोवर आईने, पाकळ्या पंख्यात पडणार नाहीत अशा बेताने, कॉम्प्युटरसाठी दिवाळीचा नवा हार भिंतीवरच्या खिळ्याला लावला होता.

बाराव्या दिवशी सकाळी मेल आला. बाबा डबा भरून निघतच होते. मी त्यांना दारातच थांबवलं आणि मोठ्याने वाचलं: "तुमची निवड झाली आहे. सोमवारपासून या. तापमानाची नोंद ज्यांनी ठेवली, त्यांना विचारून तसंच एक पान आमच्या लॅबसाठीही आखून आणा."