नाक्याच्या घराचे दगड

लग्नानंतर माझं बिऱ्हाड एका ठिकाणी टिकलं असं झालं नाही. आमचे हे जंगल खात्यात नाकेदार. दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यामुळे ट्रंकेतली चांगली लुगडी मी कधी बाहेर काढलीच नाहीत. गोंदियाकडच्या सपाट मुलखातली मी, आणि आमचा नाका अर्जुनीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर जुना किल्ला. गोंड राजांच्या वेळचा म्हणायचे. दोन तटांच्या भिंती, एक पडका दरवाजा आणि वर एक कोरडं टाकं.

पायथ्याच्या गावात किल्ल्याचा दगड नाही असं घर नव्हतं. कुणाचा उंबरठा, कुणाचा पाटा, कुणाच्या गोठ्यातली गव्हाण. आमचं नाक्याचं घरही त्याच दगडांचं. खात्यानं ते बांधलं तेव्हा गाड्या भरभरून वरून माल आणलेला. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोरीव कमळ उलटं बसवलेलं होतं. परसात पडलेल्या एका दगडाला खोल गोल खोबण होती. किल्ल्याच्या दाराचा खालचा खुंटा त्यात फिरायचा, असं हे म्हणत. मी त्यात मिरच्या कुटत असे.

आम्ही तिथं गेलो त्याच सुमारास सरकारचा हुकूम आला. किल्ला आता सरकारी देखरेखीखाली, एक दगड हलवायचा नाही. पत्र्याची पाटी नाक्यावर लागली. तटात उगवलेली पिंपळाची रोपटी काढण्याचं कामही यांच्याकडे आलं. पिंपळ उपटायला गावातलं कुणी तयार होईना. हे आधी हात जोडत, मग रोपटं मुळासकट सोडवून ओढ्याकाठी नेऊन लावत. एकेका रोपट्यापायी अर्धा दिवस जाई. मला त्या कामाचा राग यायचा. कुणाचा कोण राजा, त्याच्या भिंती आपण काय म्हणून जपायच्या?

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, गावचा तलाव झिरपायला लागला. तलावाच्या बांधाला तिकडे पार म्हणतात. पाणी सोडायच्या दाराजवळ पारेची माती आतून खचत होती. पार गेली असती तर खालच्या सगळ्या बांध्यांतला, म्हणजे खाचरांतला, धान वाहून गेला असता, आणि वर्षभर खायचं काय हा प्रश्न घरोघरी पडला असता. सकाळपासून बाया टोपल्यांनी माती वाहत होत्या. मीही गेले. माती टाकावी आणि पाण्यानं ती न्यावी, असंच चाललं होतं.

संध्याकाळी गावचे पाटील नाक्यावर आले.

"नाकेदार साहेब, पार खचून राहिली. माती धरत नाही. नदीचे गोटे गोल, ते लोळून जातेत. चौकोनी जड गोटे पाहिजेत. वरचे द्या."

"पाटील, पाटी तुम्हीही वाचली आहे," हे म्हणाले.

"वाचली. पाटी धान पिकवून देत नाही."

हे उठून दारातून पारेकडे पाहून आले. मग म्हणाले, "सकाळी रेंजर साहेबांकडे जातो. विचारून येतो."

"गाढवी नदी चढून राहिली. वापस कधी याल?"

पहाटेच डोक्यावर घोंगडं घेऊन हे निघाले. जाताना नाक्याच्या साखळीची किल्ली माझ्याकडे दिली. किल्ल्याकडे जाणारी गाडीवाट त्या साखळीनं अडवलेली होती.

त्या दिवशी मला कुठे बसवेना. चूल पेटवली आणि विझू दिली. दारात जायचं, पारेकडे बघायचं, परत आत यायचं. दुपारी शेजारची गोंड बाई आली. तिची बांधी पारेच्या अगदी खाली होती. एरवी आम्ही एकमेकींच्या घरी मीठ-मिरची मागायला जायचो. त्या दिवशी ती अंगणातच उभी राहिली.

"तू तं नाकेदारीन. तुले कायले फिकर? आज इथं, उद्या दुसरीकडं."

ती म्हणाली ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

थोड्या वेळानं चार बैलगाड्या साखळीशी येऊन थांबल्या. पाटील पुढे. मागे गावातले पुरुष, हातात पहारी. कुणी ओरडलं नाही.

"बाई, किल्ली द्या. नाही दिली तं साखळी तोडू. आमाले तोडायची नाही."

किल्ली माझ्या कमरेला होती. द्यावी तर यांची नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. न द्यावी तर ही सगळी माणसं उपाशी राहणार, आणि साखळी तर तुटणारच. मी मागे फिरून घरात शिरले. काय करावं कळत नव्हतं म्हणून नुसती उभी राहिले, भिंतीला हात टेकून. हाताखाली ते उलटं कमळ होतं.

बाहेर येऊन मी म्हटलं, "पाटीलबाबा, किल्ल्याला हात लावू नका. हे घर घ्या."

"कोणतं घर?"

"हेच. याचे दगडही तिथलेच. चौकोनी आहेत, जड आहेत. पाटीवर किल्ल्याचं लिहिलं आहे, घराचं नाही लिहिलं."

पाटील साखळी सोडून घराजवळ आले. "आन् तुमी राहाल कोठं?"

"ते मग पाहू. छप्पर खांबांवर आहे, ते पडणार नाही. तुम्ही हात चालवा."

सगळ्यात आधी शेजारीण पुढे आली. तिनं माझी भांडी, पिठाचा डबा, ट्रंक उचलून तिच्या घरी नेली. पुरुषांनी मागची भिंत धरली. पहारी लागल्या, तरी मी तिथून हलले नाही. एकेक दगड गाडीत पडत होता. अंधार व्हायच्या आत मागची आणि दोन्ही बाजूच्या भिंती गेल्या. उरलं ते दार, दाराची भिंत आणि खांबांवरचं कवेलूंचं छप्पर. दगड खचलेल्या जागी रचले, त्यावर माती दाबली, आणि पार धरली.

हे दुसऱ्या दिवशी आले, चिखलानं भरलेले. नदी उतरू देईना म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले होते. घरासमोर उभे राहिले. समोरून दार दिसत होतं आणि दाराच्या मागे सरळ जंगल.

"हे कोणी केलं?"

"मी करायला सांगितलं."

त्यांनी आधी डोंगराकडे पाहिलं, मग पारेकडे. तसेच वर किल्ल्यावर जाऊन, सगळा तट पाहून खाली आले. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. आम्ही शेजारणीच्या ओसरीवर राहत होतो. गावानं आम्हाला बांबूच्या कुडाचं, मातीनं लिंपलेलं घर उभं करून दिलं.

पूर ओसरल्यावर रेंजर साहेब आले. सरकारी घर कुणाच्या हुकमानं पाडलं, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "साहेब, हुकूम किल्ल्याचा होता. किल्ल्याचा दगड हलला नाही. घराचा जाब मी देतो." साहेब किल्ल्यावर जाऊन आले. पारेवरही जाऊन उभे राहिले. रागावले, पण नोकरी राहिली. धान कापणीला येण्याआधी नागझिऱ्याच्या जंगलाकडची बदली हातात पडली.

अर्जुनीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना हे आपणहून बोलले.

"मी वेळेवर परत पोचलो असतो तर किल्ल्याचेच दगड दिले असते. परत येताना वाटेतच ठरवलं होतं. नोकरी गेली तर गेली."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला. "मग पाटील आले त्याच संध्याकाळी काऊन नाही दिले? घर तरी राहिलं असतं."

"तेव्हा साहेबांना विचारल्याशिवाय देववेना," हे म्हणाले.

मी उठून फलाटावर येरझाऱ्या घालू लागले. हे बाकावरून माझ्याकडे पाहत होते. गाडी आली तेव्हा सामान यांनी एकट्यानंच चढवलं.