तक्रार नसलेली इमारत

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात मावशी एकवीस वर्षं चादरींना इस्त्री करत आल्या होत्या. वाफेनं छाती भरली, गुडघे कामातून गेले, जीभ तेवढी शाबूत राहिली. मुकादमालाही त्या तोंडावर सुनवायच्या. पण हातात कागद घेऊन कुणी दारात आलं, की याच मावशी एकदम गरीब गाय. "सगळं बरं आहे, साहेब." त्यांच्या अख्ख्या इमारतीची हीच रीत होती. कागदवाल्यापुढे रडगाणं गायलं, की खोली तरी जाते नाहीतर काम तरी, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक.

म्हणून राहणीमानाची पाहणी करणारी मुलगी चौथ्या मजल्यावर आली, तेव्हा नुकत्याच जिना चढून आलेल्या मावशी धापा टाकत म्हणाल्या, "जिन्याचा त्रास? छे गं! आम्हाला सवय आहे." शेजारच्या शिंप्यानं तर त्या मुलीलाच पाणी पाजलं आणि आमच्याकडे काही कमी नाही, असं ठणकावून सांगितलं.

दोन महिन्यांनी तळमजल्यावरच्या दवाखान्याला नोटीस लागली. पाहणीनुसार रहिवाशांची प्रकृती उत्तम, तक्रार नाही, सबब महिनाअखेर दवाखाना बंद. मावशींच्या छातीचं औषध तिथंच मिळायचं. दुसरा दवाखाना दोन बस बदलून, आणि तोही कामाच्याच वेळात उघडा.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोठ्या रस्त्यापलीकडे बंगलेवाले सत्तरीत पळायला जातात," त्या सुनेला म्हणाल्या. "त्यांना दोन-दोन दवाखाने! आणि आपण आपल्याच तोंडानं आपला घालवला. मूर्ख आहोत आपण सगळे."

"आई, आता कागदावर आलंय ते. कोण बदलणार?"

"मी!"

उतरताना त्यांनी प्रत्येक मजल्यावर दारं बडवली. पाहणीच्या कचेरीत चला, लाज वाटत असेल त्यानं घरी बसावं, म्हणाल्या. कुणीच बसलं नाही.

कचेरीतल्या साहेबांनी मावशींचा फॉर्म काढला. "जिन्याचा त्रास नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

"खोटं सांगितलं. दोनदा बसल्याशिवाय घर गाठता येत नाही मला. लिहा."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भीती वाटत होती म्हणून. तेही लिहा."

साहेबांनी सुस्कारा सोडून नवा फॉर्म घेतला. मावशींनी एकेक दुखणं सांगितलं, न लाजता, न रडता. सही करून त्या उठल्या, तर खुर्चीत लगेच शिंपी बसला. त्याच्या डोळ्यांना आता सुईचं भोक दिसत नव्हतं, हे त्याच्या बायकोलाही त्या दिवशीच कळलं.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. रांग पार जिन्यापर्यंत गेली होती.

"मावशी, एवढ्यांचे फॉर्म परत भरायचे? संध्याकाळ होईल!"

"होऊ दे की," भिंतीला टेकत मावशी म्हणाल्या. "आमची आयुष्यं गेली, तुमची एक संध्याकाळ जाऊ दे."