फिफ्टीज म्हणजे पन्नाशी

धोतर नेसून रॉक अँड रोलच्या जत्रेला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. खांद्यावर उपरणं आणि डोक्याला फेटा असेल तर मुळीच जाऊ नये. आणि सोबत नऊवारीतली आई, कणकेचे पन्नास दिवे आणि तेलाची किटली असेल, तर ही जत्रा ज्याने शोधून काढली त्याला घरातच कोंडून बाहेरून कडी घालावी. शोधून काढणारा मीच होतो, म्हणून कडी घालायला कुणी उरलं नाही.

त्याचं असं झालं. आई साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे हमद टाउनला आली होती. बहरीन बघणं, लेकाचा संसार बघणं वगैरे सगळं तोंडी लावायला. खरं काम एकच, माझी पन्नाशी. आमच्याकडे पन्नास पुरी झाली की माणसाला पन्नास दिव्यांनी ओवाळतात. माझे वडील नेमके पन्नास पुरी होताच गेले, आणि त्यांना ओवाळायचं राहून गेलं. तेव्हापासून आईच्या मनाने घेतलं की दिवे राहिले म्हणूनच माणूस गेला.

"त्यांचं ऱ्हायलं ते ऱ्हायलं," आई विमानतळावरच म्हणाली, "तुझं म्या सोडायची न्हाई, बाळ्या."

(मला बाळ्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं आहे. ऑफिसात मी मिस्टर बालासाहेब आहे.)

मी वरवर हसलो. पण खोटं कशाला बोलू, एकोणपन्नासावं लागल्यापासून मीही सिग्नलला गाडी थांबली की गुपचूप स्वतःची नाडी बघत होतो. माझा वाढदिवस शुक्रवारी आणि आईचं परतीचं विमान शनिवारी पहाटे. म्हणजे ओवाळायचं ते शुक्रवारीच, नाहीतर आई जन्मभर रुखरुखणार आणि मी नाडी बघत बसणार.

बुधवारी आईने हॉलमध्ये वीस दिव्यांवर रंगीत तालीम घेतली. अकरावा दिवा लागला आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलला. सगळी बिल्डिंग जिन्यातून खाली! चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात मायक्रोवेव्ह घेऊन उतरले. आई तबक घेऊन सावकाश शेवटी आली. वॉचमनने त्या तबकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाईसाब, इधर आग मफी, बिलकुल नहीं! फिर किया तो फ्लॅट खलास!"

गुरुवारी मी ऑफिसला निघालो तो डोक्यात दिवेच दिवे. हमद टाउनच्या गोलचक्करावर एक मोठा बोर्ड दिसला. निळा समुद्र, त्याच्या काठी पिकल्या केसांचं एक आनंदी जोडपं, आणि वर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'सेलिब्रेट द फिफ्टीज बाय द सी!' खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, ते वाचायला मी चक्कराला दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत अरादचा किनारा आणि शुक्रवार वाचला, दुसऱ्या फेरीत फोन नंबर. तिसऱ्या फेरीला मागच्या टँकरने हॉर्न मारला, नाहीतर पुढचा अनर्थ टळला असता.

काय देश आहे, मला भरून आलं. पन्नाशी गाठलेल्या माणसांसाठी समुद्रकिनारी सार्वजनिक सोय! तरी खात्री केलेली बरी म्हणून फोन लावला.

"हॅलो, फिफ्टीजसाठी येणार आहोत. फॅमिली चालेल?"

"ऑफ कोर्स सर, ब्रिंग एव्हरीबडी!" पलीकडची मुलगी आनंदाने किंचाळली.

"ड्रेस?"

"फुल फिफ्टीज ड्रेस, सर!"

"अँड लाइट्स? वी वॉन्ट मेनी लाइट्स."

"लॉट्स ऑफ लाइट्स, सर!"

आता याहून जास्त काय विचारायचं असतं?

घरी सांगितलं तर बायको, वैशाली, मला नखशिखान्त न्याहाळत म्हणाली, "अहो, नीट वाचलंत ना?"

"दोन फेऱ्या मारून वाचलंय!"

"मला दाखवा बरं," म्हणून दहावीतल्या सईने मोबाइल पुढे केला. "पप्पा, सेंड मी द लिंक."

"लिंक कशाला? पन्नाशीला लिंक लागत नाही," मी म्हणालो. आई मात्र खूश झाली. तिने कोणत्या तरी अंतःप्रेरणेने माझ्या लग्नातलं धोतर सोबत आणलंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी अरादला उतरलो. मैदानात शिरलो आणि माझे पाय वाळूत रुतले. समोर पन्नाशीचं कुणीच नव्हतं! केसांचा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा फुगा काढलेले तरुण, ठिपक्याठिपक्यांचे घेरदार फ्रॉक घातलेल्या बाया, बेचाळीस डिग्री ओसरल्या नाहीत तोवर चामड्याची जाकिटं घालून घामाने निथळणारे बाप्ये. स्टेजवर एकजण गिटार घेऊन गुडघ्यांनी नाचत होता. आणि एका रांगेत लांबलचक, चकचकीत, मागे पंख फुटलेल्या जुन्या अमेरिकन मोटारी.

"पप्पा," सई अगदी हळू म्हणाली, "फिफ्टीज मीन्स नाइन्टीन फिफ्टीज."

बोलण्यासारखं सगळं मी फोनवरच बोलून बसलो होतो.

तिथली आठवणींची हौस मात्र बघण्यासारखी होती. आमच्या कंपनीतला सोलापूरचा अकाउंटंट भेटला. त्याच्या आजोबांनी हयातभर बैलगाडी हाकली, आणि हा एका गुलाबी मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून डोळे पुसत म्हणाला, "सर, ते दिवसच वेगळे होते!" कुणाचे दिवस, ते मी विचारलं नाही. एका तंबूत प्लास्टिकच्या पेल्यात मिल्कशेक मिळत होता, आणि तो पिताना प्रत्येकाला स्वतःचं न झालेलं बालपण आठवत होतं. माझं धोतर पाहून मात्र लोक थबकायचे, "वॉव, ऑथेंटिक!" म्हणायचे आणि सेल्फी काढायचे. सई आइस्क्रीमच्या गाडीमागे जाऊन उभी राहिली, ती बराच वेळ दिसली नाही.

"चला परत," वैशाली म्हणाली.

"परत कशाला?" आईने पदर खोचला. "दर्या हाय, मान्सं हायती, वाजाप हाय. आनि काय लागतंय? बस हितं, बाळ्या."

मोटारींच्या रांगेशेजारी तिने सतरंजी अंथरली. मी पूर्वेकडे तोंड करून बसलो. तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरीबची अजान झाली आणि संगीत थांबलं. त्या शांततेत आईचा आवाज सबंध मैदानभर गेला.

"आडोसा धर की, लेका! इझला बग दिवा!"

शे-दोनशे माना वळल्या. मी उपरणं ताणून आडोसा धरला. आई चार दिवे लावायची, वारा तीन विझवायचा. पुन्हा चार, पुन्हा तीन. मी उपरणं आणखी जवळ घेतलं. कसलासा वास आला.

"अहो, पेटलं! पेटलं!" वैशाली ओरडली.

पेटलेलं उपरणं घेऊन माणसाने कुठेही पळावं, पण पेट्रोलने भरलेल्या मोटारींच्या दिशेने पळू नये. मी तिकडेच पळालो. दोन सिक्युरिटीवाले आडवे आले, आणि लाल नळकांड्यातून पांढऱ्या भुकटीचा असा फवारा मारला की उपरणं, धोतर, फेटा, मी, सतरंजी आणि पन्नासच्या पन्नास दिवे एका रंगाचे झाले. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमातलाच भाग वाटला असावा.

मी हसायचा प्रयत्न करत वळलो, तर आई सतरंजीवर बसून रडत होती. आवाज न करता, भुकटीतला एकेक दिवा उचलून पदराने पुसत होती. वडिलांच्या वेळी ती अशीच बसली होती. मीही तिच्याशेजारी बसलो आणि मलाही रडू आलं. पांढऱ्याफटक तोंडावरून ओघळ, काय दिसत असेन!

तेवढ्यात त्या गुलाबी मोटारीचा मालक आला. पांढरा पायघोळ थोब घातलेले म्हातारे बहरीनी गृहस्थ, सगळे त्यांना अबू यूसुफ म्हणत होते. गाडी जाळायला निघालो म्हणून आता धरतात की काय असं वाटून मी उठून उभा राहिलो.

"शू हादा, क्या है ये? माँ क्यूँ रोता?" त्यांनी विचारलं.

मी मोडक्या हिंदीत, तुटक्या अरबीत सगळं सांगितलं. दिवे, पन्नास, वडील, पहाटेचं विमान. ते आधी हसले. वडिलांचं ऐकल्यावर हसायचे थांबले.

"कितना लाइट?"

"पन्नास. पचास."

त्यांनी मोटारींच्या रांगेवरून बोट फिरवलं. "गाडी पच्चीस. लाइट दो-दो." मग ड्रायव्हरांकडे वळून ओरडले, "यल्ला!"

मोटारींचे दिवेच ओवाळायचे, असं मी आईला समजावलं. तिने एकच शंका काढली. "ह्या दिव्यांत त्याल असतंय का?"

"असतं आई. या मुलखात सगळं तेलावरच चालतं."

मग काय विचारता! मैदानाच्या मधोमध मी आणि आई. भोवताली पंचवीस मोटारी, हेडलाइट लावून, हळूहळू गोल फिरतायत. हॉर्न वाजतायत, स्टेजवर गिटार सुरू, ठिपक्यांचे फ्रॉक टाळ्या पिटतायत. आईने रिकामं तबक हातात धरून स्वतःही सोबत एक गिरकी घेतली आणि मोठ्याने मोजायला लागली. ती विसांनी मोजते. "येक इसा… दोन इसा… दोन इसा आनि नऊ." आणि थांबली.

पुन्हा मोजलं. दोन विसा नऊ. एकोणपन्नास!

अबू यूसुफांच्या गुलाबी मोटारीचा डावा डोळा बंद होता. म्हातारे उतरले, दिव्यावर दोन चापट्या मारल्या. "सुबह चालू था, वल्लाह! तुबलीवाला गॅरेज…" दिवा काही लागेना. वैशालीने मोबाइलचा टॉर्च पुढे केला, तर आई म्हणाली, "त्यात कुठं त्याल हाय?"

मी आईच्या तोंडाकडे बघत राहिलो. नाडी बघायची हिंमत नव्हती. आईने जवळ जाऊन तो बंद दिवा निरखून पाहिला. मग तिचा चेहरा हळूच उजळला.

"आरं, बरं झालं की! दिवं एकोणपन्नास, म्हंजी तू एकोणपन्नासाचाच. पन्नाशी लागलीच न्हाई अजून! फुडल्या साली म्या परत येती, तवा बगू." तिने माझ्या भुकटीभरल्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. अबू यूसुफांना काय कळलं देव जाणे, पण तेही "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणाले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. पहाटे आई हसत विमानात बसली.

दुपारी सई मोबाइल घेऊन आली. जत्रेच्या पेजवर माझा फोटो होता. पंचवीस मोटारींच्या मधोमध मी, पांढराफटक, अर्धं जळकं उपरणं, तोंड उघडं.

"पप्पा, खाली लिहिलंय, 'विंटेज पीस. नॉट फॉर सेल.'"

मी जरा ताठ बसलो. म्हटलं, बघा, माणसाची किंमत परक्यांना कळते.

वैशालीने चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "का? घ्यायला आलं होतं का कुणी?"